पहिल्या चढाईचा माणूस

कबड्डीच्या मैदानावर सर्वांची दृष्टी जेथे खिळलेली असते, तेथे मुलाणी सरांची दृष्टी क्वचितच असे. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडून समोरच्या अंगणात शिरला की प्रेक्षक त्याच्या हातापायांकडे पाहत. सर पाहत ते बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्यांकडे. कोण मान खाली घालून माती उकरतो आहे, कोण शेजाऱ्याशी हुज्जत घालतो आहे आणि कोण बाहेर बसूनही आतल्या खेळाबरोबर किंचित पुढेमागे हलतो आहे, हे ते मनाशी टिपून ठेवीत. "शास्त्रीबुवा, आत असताना सगळेच शूर दिसतात," ते मला सांगत, "बाहेर बसवला की माणूस कळतो."

भोरच्या आमच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि ते शारीरिक शिक्षण. माझे बालपण पाठशाळेत गेले. खेळ म्हणून आम्हांला नदीत पोहणे तेवढे ठाऊक होते, आणि तेही स्नानाच्या निमित्ताने. त्यामुळे मुलाणी सरांशी माझा स्नेह जुळावा हे शिक्षकखोलीतील अनेकांना नवलाचे वाटे. परंतु कोणतीही गोष्ट ते इतक्या निष्ठेने करीत की त्या गोष्टीत ज्याला रस नाही, त्यालाही थांबून पाहावेसे वाटे. सकाळी शाळेची घंटा होण्याच्या कितीतरी आधी ते मैदानावर आलेले असत. ढेकळे हाताने फोडायची, खडे वेचायचे, मग झारीने पाणी शिंपडायचे आणि माती तळपायाला लागेल पण चिकटणार नाही, अशी झाली की स्वतः अनवाणी फिरून पाहायचे. हे काम त्यांनी शिपायाला कधी सांगितले नाही. देवघर स्वतःच सारवणाऱ्या माणसाची वृत्ती मला त्यात दिसे.

गळ्यात शिट्टी असे, पण ती क्वचित वाजे. स्तुतीच्या बाबतीत तर ते विलक्षण कृपण होते. त्यांच्याकडचा सर्वोच्च गौरव म्हणजे "चालेल" हा एक शब्द. "बरं आहे" असे ते म्हणाले तर काहीतरी चुकले आहे असे मुले समजत. एकदा वरचे एक अधिकारी शाळा पाहण्यास आले. मैदान पाहून ते फार प्रसन्न झाले आणि असे मैदान आपण जिल्ह्यात पाहिले नाही, असे म्हणाले. सरांनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि म्हणाले, "पाणी थोडं कमी पडलंय."

रमझानच्या महिन्यात सरांचा उपवास असे. आपण पाणी प्यालो तर सरांना कसे वाटेल, म्हणून मुले तहान लागली तरी मडक्याकडे जायला संकोचत. हे लक्षात आल्यावर सर स्वतः मडक्याशी उभे राहू लागले आणि ओगराळ्याने एकेकाच्या ओंजळीत पाणी वाढू लागले. दिवसभर ज्याच्या घशाखाली थेंब उतरलेला नाही, त्याच्या हातून पाणी पिताना मुले गंभीर होत. सर मात्र "सांडू नको, मैदानाला कमी पडेल" एवढेच म्हणत.

त्यांची मगरिबची नमाज आणि माझी सायंसंध्या यांची वेळ जवळजवळ एकच. तेवढ्यापुरते आम्ही दोघे आपापल्या दिशेस जात असू आणि नंतर शाळेच्या कट्ट्यावर, कडुनिंबाखाली परत येत असू. तेथे तिसरे असत उत्रोलीचे नाना. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ कबड्डीचे विलक्षण शौकीन होते. या कट्ट्यावर आमचा एक खेळ चाले. त्याला आम्ही 'मनातले सात' म्हणत असू. त्या काळी रविवारी कुठे ना कुठे, जत्रेच्या निमित्ताने किंवा एखाद्या मंडळाच्या वतीने, कबड्डीचे सामने असतच. शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या मनातला सात जणांचा संघ तोंडी सांगायचा. खेळाडू कोणत्याही गावचे असोत, मात्र एका गावचे दोघांपेक्षा अधिक नकोत. रविवारी ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघातून खेळून जे गुण मिळवतील, ते ज्याच्या त्याच्या मनातल्या संघाला मिळायचे. सर्वांत मागे राहील त्याने पुढचा आठवडाभर शाळेच्या बागेला पाणी घालायचे.

बागेला बहुधा मीच पाणी घालीत असे. चढाईला निघण्यापूर्वी जो खेळाडू वाकून मातीला नमस्कार करी, तो मला भावत असे आणि मी त्याला माझ्या सातांत घेत असे.

"शास्त्रीबुवा," नाना म्हणायचे, "नमस्कारावर गुण मिळत असते तर तुमी ह्या तालुक्याला कवाच लोळवलं असतं."

"असू द्या नाना," सर म्हणत, "जास्वंदीला एवढी फुलं आधी कधी येत नव्हती."

हसत खेळत चाललेल्या या प्रकारात सरांची एक शिस्त होती. एखाद्याने निवडलेला खेळाडू रविवारी अपयशी ठरला म्हणून ते त्या निवडीला कधी हसत नसत. "निवड शनिवारी होते," ते म्हणत, "आणि निकाल रविवारी लागतो. शनिवारी जेवढं दिसत होतं तेवढं नीट पाहिलं होतं का, एवढंच विचारा." हे वाक्य मी पुढे वर्गातही अनेकदा वापरले.

एकदा त्यांनी मला निराळ्याच कामास लावले. कबड्डीत समोरच्या अंगणात असेपर्यंत चढाई करणाऱ्याने एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहिले पाहिजे. त्यालाच दम म्हणतात. दम तुटला की चढाई संपली. सरांनी मला विचारले, "तुम्ही लोक एवढी लांब लांब स्तोत्रं एका श्वासात म्हणता, ते कसं शिकवतात?" मी त्यांना पाठशाळेतील पद्धत सांगितली. दुसऱ्या दिवसापासून तालुक्याच्या संघातले दहाबारा दांडगे तरुण माझ्यासमोर मांडी घालून बसू लागले आणि एकेक चरण एका श्वासात म्हणू लागले. आरंभी एकच गोंधळ उडाला. नाना ऐकायला येऊन बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, दक्षिणा कुनी द्यायची त्ये आधी ठरवा." परंतु महिनाभरात त्या तरुणांचे श्वास खरोखरच लांबले, आणि उच्चारही, म्हणावयाचे तर, शुद्ध झाले.

याच तरुणांत ते दोघे होते, ज्यांच्यामुळे मला हे सर्व लिहावेसे वाटले.

नव्वदीचे दशक संपत आले होते. पुण्यातील एका मोठ्या स्पर्धेसाठी तालुक्याचा संघ जाणार होता. सातांपैकी सहा जागांविषयी कोणाचेच दुमत नव्हते. सातवी जागा होती पहिली चढाई करणाऱ्याची. त्या स्पर्धेला एका कारखान्याचे अधिकारी येणार होते; त्यांच्या संघाला चढाई करणारा एक खेळाडू हवा होता, आणि जो निवडला जाईल त्याला कारखान्यात कायमची नोकरी मिळणार होती. अधिकारी सामन्याचा आरंभ पाहून दुसऱ्या मैदानाकडे जातात, असे नाना खात्रीने सांगत. म्हणजे जो पहिल्यापासून खेळेल, त्याचेच दैव उघडण्याचा संभव अधिक. जागा एक आणि उमेदवार दोन.

एक होता सोपान, तोरण्याच्या पायथ्याकडचा. वेल्हे तालुका निराळा, पण तिकडची मुले आमच्याच संघातून खेळत. वेल्ह्याहून एसटीने निघून, नसरापूरला गाडी बदलून तो सरावाला येई. उंच, लांब हातांचा, सावकाश बोलणारा. चार भावांना पुरेल एवढी भातखाचरे घरी नव्हती, हे तो कोणी विचारल्याशिवाय सांगत नसे. त्याचा खेळ संयमाचा होता. आत जायचे, समोरच्यांना चाचपायचे, मिळाला तर एक गुण घ्यायचा, आणि न मिळाला तरी सुखरूप परतायचे.

दुसरा सलीम, मुलाणी सरांचा मुलगा. ठेंगणा, चपळ, आणि धाडस असे की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावे. तो आत शिरला की कधी दोघातिघांना एकदम बाद करून येई, आणि कधी पहिल्याच पावलाला पकडला जाई. शिक्षण संपवून तो मामाच्या गॅरेजमध्ये हाताखाली काम करीत होता आणि ते काम त्याला मनापासून नकोसे झाले होते.

दोघांची मैत्री होती आणि स्पर्धाही उघड होती.

"सल्या, तुजा बाप मास्तर, माजा बाप भात लावतोय," सोपान म्हणे. "कुनाचा वशिला मोठा, सांग."

"चल, बदल करू," सलीम म्हणे. "मी तुज्या खाचरात हुबा राहतो, तू हितं माज्या बापाचं 'बरं आहे' ऐकत बस. आठ दिवसांत वेल्ह्याला पळून जाशील."

कट्ट्यावर आमचा वाद रंगे. नानांचा कल सलीमकडे, माझा सोपानकडे; कारण त्याचा श्वास लांब आणि चित्त स्थिर. सर दोघांविषयी ऐकून घेत. मात्र एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. 'मनातले सात' सांगताना सोपानचे नाव ते अधूनमधून घेत; सलीमचे त्यांनी एकदाही घेतले नव्हते. नानांनी एकदा विचारलेच.

"मास्तर, ह्यो तर नुसता तोंडाचा खेळ हाय. हितं पोराला घेतलं तर कोन बघतंय?"

"मी बघतोय ना," सर म्हणाले.

त्यानंतर भोंगवलीच्या जत्रेतील सामने आले. मी सरांच्या शेजारी बसलो होतो. सलीम चढाईला निघाला आणि सरांनी खाली वाकून एक ढेकूळ उचलले. ते फोडण्यात ते गढून गेले. लोकांनी एकदम आरोळी ठोकली तेव्हा मान वर न करता त्यांनी मला विचारले, "किती?" मी म्हणालो, "दोन गडी बाद." त्यांनी मान डोलावली. पुढच्या वेळी सलीम निघाला तेव्हा ते मागे वळून मंडपाची दोरी न्याहाळू लागले. संपूर्ण सामन्यात सलीम जेव्हा जेव्हा आत गेला, तेव्हा तेव्हा त्यांचे तोंड दुसरीकडे होते. तो परत आला की ते "किती?" असे विचारीत.

परत येताना एसटीत मी विषय काढला. मग त्यांनी सांगितले की काही वर्षांपूर्वी अशाच एका जत्रेत ते पंच होते आणि सलीम पहिल्यांदाच मोठ्यांच्या संघातून खेळत होता. शेवटच्या क्षणी त्यांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय योग्य होता. पण गर्दीतून कोणी एक म्हणाला, "पंचच बाप हाय, मग काय बोलायचं." लोक हसले.

"खरं सांगू? मला त्या माणसाचा राग आला नाही," सर म्हणाले. "मला वाटलं, मी खरंच नीट पाहिलं होतं का? की बापानं पाहिलं? त्या दिवसापासून पंचाचं काम सोडलं. आणि डोळ्यांनाही सांगून ठेवलंय, पोरगा खेळत असेल तिकडं जायचं नाही. गुण किती आले तेवढं ऐकायचं. गुणांना बाप नसतो."

मला ते त्या वेळी एखाद्या कठोर व्रतासारखे वाटले आणि मी मनोमन त्यांना वंदन केले.

निवडीचा दिवस जवळ आला तशी त्यांची तगमग वाढली. गुणांच्या हिशेबाने दोघे तुल्यबळ होते. एके दिवशी ते मला मैदानावर घेऊन गेले आणि कट्ट्यावर, मैदानाकडे पाठ करून, कडुनिंबाच्या बुंध्यासमोर बसविले. "दोघं एकेक करून चार-चार चढाया करतील. आधी कोण, नंतर कोण ते सांगणार नाही. तुमचा कान तयार आहे. दम कुणाचा अखंड आहे तेवढं सांगा." आमचे गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसत आणि पाठ म्हणणाऱ्यांत कोणी कुठे श्वास घेतला ते अचूक सांगत, तसेच हे काम होते. मी डोळे मिटले. पहिला आवाज तेलाच्या धारेसारखा अखंड आला, किंचित चढा, पण कोठेही तुटला नाही. दुसरा अधिक खोल आणि संथ होता. मात्र परत वळताना दर वेळी त्यात केसाएवढी फट पडत होती. तो तेथे एक श्वास चोरीत होता. जत्रेच्या गलबल्यात ते कोणाच्याही कानी येणे शक्य नव्हते.

मी तसे सांगितले. सरांनी विचारले, "नक्की?"

"नक्की."

पहिला आवाज सलीमचा होता, दुसरा सोपानचा. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाऐवजी भय दिसले, हे मला स्पष्ट आठवते. आता मापही पोराच्या बाजूने झुकू लागले होते आणि त्या मापावर विश्वास ठेवण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्यांनी सांगितले की पहिली चढाई सोपान करील. सोपानने आनंद लपविला नाही. त्याने वाकून सरांच्या पायांना हात लावला आणि शेजारच्याच्या पाठीत एक धपाटा घातला. सलीमने गुडघ्यांचे पट्टे सोडले, त्यांची घडी केली आणि तो मैदानाबाहेर गेला.

संध्याकाळी आम्ही तिघे कट्ट्यावर बसलो असता तो आला. अंगावर गॅरेजचेच कपडे होते. बस म्हटले तरी बसला नाही.

"अब्बा, एक इचारायचं हाय."

"विचार."

"मला काढलं त्याचं काय न्हाई."

"मग कशाचं आहे?"

"न बगता काढलं, त्याचं हाय."

"तुझे गुण मी एकूण एक ऐकलेत," सर म्हणाले. "सगळ्या सामन्यांचे."

"गुण नाना बी सांगतात. चहावाला बी सांगतो." सलीमचा आवाज चढला नव्हता. "ह्या मैदानावर एवढी पोरं खेळली. कुनाचा डावा पाय आधी पडतो, कोन वळताना खांदा पाडतो, समद्यांच्या चुका तुमी सांगितल्या. सोपानच्या तर झोपेत बी सांगाल. माजी एक चूक सांगा. एकच."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. मीही वाट पाहत होतो. ज्या माणसाने तालुक्यातील प्रत्येक खेळाडूचे पाऊल ओळखले होते, त्याला स्वतःच्या मुलाच्या खेळातील एकही दोष सांगता येईना. सांगण्यासारखे दोष नव्हते असे नाही. ते त्यांनी पाहिलेच नव्हते.

नानांना गप्प बसवेना. ते म्हणाले, "मास्तर, राग मानू नगा. पर बाजारात बैल घेताना बी मानूस येकदा त्येच्याकडं तोंड करून हुबा ऱ्हातो."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "नाना, वेल्ह्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं निरोप द्याल? सोपानला म्हणावं, परवा सकाळी ये."

सोपान आला तो धुसफुसतच. "सर, जागा दिली आन आता परत मागताय व्हय?"

"परत मागत नाही," सर म्हणाले. "दिली तेव्हा नीट दिली नव्हती. आज देईन, ज्याची असेल त्याला."

"आन माजी नसली तर?"

"तर तसं सांगेन. तोंडावर सांगेन."

सोपानने सदरा काढून कडुनिंबाच्या फांदीवर टाकला. तो हसला नाही, पण आलाही होता आणि उतरलाही.

उरलेले सगळे खेळाडू समोर बचावाला उभे केले होते. दोघांनी आळीपाळीने चढाया करायच्या होत्या. सर मध्यरेषेपाशी उभे राहिले. सलीम पहिल्यांदा आत शिरला तेव्हा माझे लक्ष मैदानापेक्षा सरांकडे अधिक होते. त्यांनी मान वळविली नाही. प्रारंभी त्यांचा चेहरा ताठर होता, जणू काही अवघड ओझे धरून उभे आहेत. मग हळूहळू तो सैल झाला. सलीमने डाव्या कोपऱ्याला हूल दिली, उजवीकडून झेप घेतली आणि दोघांना शिवून तो रेषेवर आला. त्याच्या मागोमाग उडालेली माती सरांच्या पायांवर पडली. पुढच्या चढाईत तो पकडला गेला, त्याच्या पुढच्यात पुन्हा सुटला. सोपानच्या चढायाही सर त्याच एकाग्रतेने पाहत होते. ऊन मैदानावर उतरले तरी त्यांनी थांबा म्हटले नाही. शेवटी खेळाडूच थकून खाली बसले.

मग सर बोलले. एवढे सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकले. सलीमला त्यांनी सांगितले की तू झेप घेण्याआधी उजव्या हाताची मूठ आवळतोस. ज्याने तुला दोनदा पाहिले आहे त्याला ते कळते आणि म्हणून तू पकडला जातोस. तुझा परतीचा पाय तालुक्यात कोणाकडे नाही, पण वळताना खांदा पाडतोस. सोपानला सांगितले की वळताना तू श्वास चोरतोस, तेवढे शास्त्रीबुवांकडे जाऊन नीट कर.

"चोरतो म्हून कोन म्हनतं?" सोपानने विचारले.

"पाठ फिरवून बसवलं तरी ज्यांचा कान फसत नाही, ते," सर म्हणाले आणि सलीमकडे वळले. "पहिली चढाई समोरच्याची ओळख करून घ्यायला असते. कोण कच्चा आहे, कोण घाबरलाय, ते बघून परत यायचं आणि बाकीच्या सहा जणांना सांगायचं. तू ओळख करून घेत नाहीस, थेट घरात शिरतोस. संघ मागं पडला, काही सुचेनासं झालं, की तुझ्यासारखा माणूस नाही. तेव्हा मी तुलाच पाठवीन. सुरुवात सोपान करील."

सलीम घाम पुसत होता.

"पटलं का?" सरांनी विचारले.

"न्हाई पटलं," सलीम म्हणाला. "पर आता भांडता तरी येईल."

आणि त्याने तेथेच भांडण सुरू केले. मूठ आवळतो हे मान्य, पण ओळख करून घेण्यात निम्मा सामना संपतो त्याचे काय. सोपान परत येऊन सांगतो काय, तर 'समदे सारखेच हायत'. त्यापेक्षा पहिल्याच चढाईत दोघे गेले तर समोरच्यांचे पाय लटपटणार नाहीत का. सर उत्तर देऊ लागले. एकाने मातीवर बोटाने रेघ ओढावी, दुसऱ्याने ती पायाने पुसावी. सोपान मध्येच, "माजं नाव काढू नगा, म्या गप बसलोय," म्हणून गेला. आम्ही निघालो तरी ते थांबले नव्हते.

वाटेत नाना म्हणाले, "निवड तीच राह्यली. मग येवढं समदं कशापायी?"

नाव तेच राहिले होते. पण पहिल्या खेपेस सर मुलापासून तोंड लपवीत होते आणि या खेपेस त्याच्यासमोर उभे होते, एवढे मला दिसले.

पुण्याला सोपानने आरंभ केला आणि शांतपणे, न चुकता, संघाला बराच काळ बरोबरीत ठेवले. नंतर संघ मागे पडला तेव्हा सरांनी सलीमला बदली खेळाडू म्हणून धाडले. त्याने सामना पुष्कळ जवळ आणला, परंतु जिंकता आला नाही. कारखान्याने सोपानला घेतले. सलीमचा खेळ अधिकाऱ्यांनी पाहिला की नाही, हे कोणालाच कळले नाही. परतीच्या गाडीत बाप आणि मुलगा वेगवेगळ्या बाकांवर बसले होते. सरांना वाईट वाटले असणारच. पुढचे काही दिवस ते कट्ट्यावर आले नाहीत, आणि आले तेव्हा त्यांनी त्या निवडीचे समर्थनही केले नाही व पश्चात्तापही दाखविला नाही.

नोकरीवर रुजू होण्यापूर्वी सोपान घरच्या तांदळाचे पोते घेऊन मुलाणींच्या दारी आला. सर ते घेईनात; निवडीबद्दल काही घ्यायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यात सलीम आतून आला. "त्ये तुमाला न्हाई, मला दिलंय," तो म्हणाला आणि पोते उचलून घरात घेऊन गेला. सोपान म्हणाला, "आता सर, काढून घ्या बगू त्येच्याकडनं." सरांनी तो प्रयत्न केला नाही.

वर्षे गेली. आम्ही दोघेही शाळेतून निवृत्त झालो. नानांनी उत्रोली सोडणे बंद केले, कट्ट्यावरची बैठकही मोडली. सलीमने गॅरेज सोडून टेम्पो घेतला. भोर-वेल्ह्याकडचा तांदूळ तो पुण्याच्या बाजारात पोहोचवू लागला आणि रविवारी एका लहान मंडळाच्या खेळाडूंना शिकवू लागला. गुडघेदुखीमुळे सरांचे चालणे थोडके उरले होते, म्हणून सलीम त्यांना टेम्पोत पुढे बसवून सामन्यांना नेतो, असे कानी येई.

सरांना देवाज्ञा झाली त्याच्या काही आठवडे आधी मी त्यांना अखेरचे पाहिले. बाजाराचा दिवस होता. मी एसटी स्टँडाजवळ रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो होतो. डेपोतून वळणाऱ्या गाडीमुळे वाहने खोळंबली होती आणि माझ्यापासून चार हातांवर सलीमचा टेम्पो उभा होता. काच खाली होती. सर पुढच्या आसनावर, मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते.

"त्याला पहिला पाठवू नको म्हटलं तर का पाठवला?" सर म्हणत होते.

"त्येच्याबिगर पहिला कोन हाय? तुमी सांगितलेला तो ढेंग्या? त्यो रेषा बघत बसतो, अब्बा."

"रेषा बघतो म्हणूनच परत येतो."

"परत येतो, पर आनतो काय? आसं वळायला पायजे, आसं." सलीमने दोन्ही हात सोडून हवेत ते वळण दाखविले.

"आधी स्टेअरिंग धर," सर म्हणाले, "आणि खांदा पडतोय तुझा, अजून."

त्यांनी मला पाहिले नाही आणि मीही हाक मारली नाही. एसटी निघून गेली, रस्ता मोकळा झाला. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले तेव्हा कुठे टेम्पो पुलाच्या दिशेने हलला. आणि हलतानाही सर काहीतरी सांगतच होते व सलीम मान हलवून नाही, नाही म्हणत होता.